व्हर्बिनाचे रोग: ओळखायचे कसे, टाळायचे कसे

व्हर्बिना हे आपल्याकडचं थंडीतलं फूल. नवरात्राच्या सुमारास बी पेरायचं किंवा दिवाळीच्या आसपास नर्सरीतून रोपं आणायची, की डिसेंबरपासून मार्चपर्यंत जांभळ्या, गुलाबी, लाल, पांढऱ्या झुपक्यांनी कुंडी भरून जाते. बागेतल्या व्हर्बिनाचं मूळ दक्षिण अमेरिकेत, म्हणजे दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या भागात. तिथल्या उघड्या, उन्हाच्या माळांवर वाढलेल्या या झाडाला भरपूर ऊन, वाहती हवा आणि पाणी झटकन निथळणारी माती लागते. आपल्या गॅलरीत यातलं काहीतरी एक कमी पडतं आणि रोग बहुतेक वेळा तिथूनच शिरतो. खालची उत्तरं घरच्या कुंड्या, गच्ची आणि सोसायटीचे छोटे वाफे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. औषधाची बाटली हातात घेण्याआधी रोग नक्की कोणता हे ठरवावं, एवढा एक आग्रह त्यांत सतत दिसेल.

पानांवर पांढरी पूड दिसते. ती धूळ, पाण्याचे डाग की भुरी?

पानावरून बोट फिरवा. धूळ असेल तर पुसली जाते आणि खालचं पान स्वच्छ हिरवं निघतं. बोअरच्या जड पाण्याचे डाग वाळलेल्या थेंबांच्या आकाराचे असतात आणि नुसत्या बोटाने निघत नाहीत. भुरी या बुरशीची पूड बोटाला लागते, पण खाली पान पिवळसर पडलेलं दिसतं आणि काही दिवसांत त्याच जागी पूड पुन्हा उगवते.

भुरी बहुधा झाडाच्या तळाशी, सावलीत दाटलेल्या पानांवर सुरू होते. आधी लहान गोल ठिपके, मग ते एकमेकांत मिसळून अख्खं पान पांढुरकं होतं. काही पानं कडेने वळतात, काहींवर जांभळट छटा येते, आणि शेवटी खोड आणि कळ्यांचे देठही पांढरे होतात. वरचे फुलांचे झुपके मात्र तोवर छान दिसत असतात. त्यामुळे फुलं बघून झाड निरोगी आहे असं ठरवू नका. आठवड्यातून एकदा फांद्या बाजूला सारून तळ बघा.

पाऊस नाही, पानं ओलीही होत नाहीत. मग बुरशी आली कुठून?

बहुतेक बुरशींना रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो. भुरीला तो लागत नाही. उलट पानावर पाणी साचलेलं असलं तर तिचे बीजाणू, म्हणजे बियांसारखे सूक्ष्म कण, नीट रुजत नाहीत. तिला हवेतला दमटपणा पुरतो. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात थंडीत दिवस उबदार आणि कोरडे, रात्री गार, आणि पहाटे दव असतं. भुरीला याहून चांगली हवा मिळणार नाही. रात्रीच्या दमट हवेत बीजाणू रुजतात, दिवसाच्या कोरड्या वाऱ्यावर उडून शेजारच्या पानांवर जातात. वीस ते सत्तावीस अंश तापमानात साधारण आठवड्याभरात नवी पिढी तयार होते. नाशिक आणि सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार ढगाळ हवा आली की भुरीच्या धास्तीने बागेत फेऱ्या मारतात. द्राक्षावरची बुरशी वेगळ्या जातीची आहे, पण हवेचं गणित तेच. त्यांच्याकडून एवढं घेण्यासारखं आहे की आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिलं, तर रोग दिसायची वाट न बघता झाडं तपासावीत.

हवेला आपला इलाज नाही, गर्दीला आहे. कुंड्या एकमेकींना चिकटवून, भिंतीच्या कोपऱ्यात, ग्रिलच्या आत ठेवल्या की हवा खेळत नाही आणि पानांभोवतीचा दमटपणा सकाळी उशिरापर्यंत टिकतो. दोन कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा. रोज किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा द्या. नत्राचं खत जास्त झालं की लुसलुशीत कोवळी वाढ येते आणि भुरी आधी त्याच वाढीवर बसते, म्हणून युरिया व्हर्बिनाला टाळावा.

गुलाबावर भुरी आहे, शेजारी काकडीचा वेल आहे. त्यांच्याकडून व्हर्बिनाला लागण होईल का?

गुलाबाची भुरी गुलाबापुरती. ती व्हर्बिनावर जात नाही. वेलवर्गीय भाज्यांबाबत मात्र जपा. काकडी, दोडका, भोपळा, खरबूज यांच्यावर भुरी आणणारी पोडोस्फेरा झँथाय ही बुरशी व्हर्बिनावरही सापडली आहे. गच्चीवर वेल आणि व्हर्बिना दोन्ही असतील तर ते दोन टोकांना ठेवा, आणि वेलाच्या जुन्या पानांवर पूड दिसली तर ती पानं लगेच काढा.

भुरी आलीच आहे. आता काय करू?

पहिलं काम कात्रीचं. तळाची पांढरी पानं आणि खूप दाटलेल्या काही फांद्या काढून टाका. काढलेलं थेट पिशवीत भरा, झटकू नका, कारण झटकलं की बीजाणू उडतात. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. दोन-चार पानांवरच रोग असेल तर एवढ्याने आणि जागा बदलल्यानेच फरक पडतो.

त्यानंतर फवारणी. पाण्यात मिसळणारं ऐंशी टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम हा भुरीवरचा जुना, स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, कृषी सेवा केंद्रात सहज मिळतो. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक वापरू नका, पानं करपतात. आणि निंबोळी तेल किंवा दुसरं कुठलंही तेल फवारलं असेल तर गंधकाआधी किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. तेल आणि गंधक मागोमाग पडलं की पानं भाजल्यासारखी होतात. लोक आज एक, परवा दुसरं असं फवारतात, आणि झाड रोगापेक्षा औषधाने जास्त जखमी होतं.

निंबोळी तेलानेच काम करायचं असेल तर लिटरला तीन ते पाच मिली तेल आणि त्यात मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण घ्या, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. खायचा सोडा फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. त्यातलं सोडियम कुंडीच्या थोड्याशा मातीत साचत जातं, आणि प्रमाण जरा चुकलं की पानांच्या कडा जळतात.

आधीच पांढरी झालेली पानं फवारणीने पुन्हा हिरवी होत नाहीत. नवीन पालवी स्वच्छ येते का ते बघा, उपाय लागू पडला की नाही हे तिच्यावरूनच कळतं.

भुरीवर दूध फवारतात म्हणे. त्याचा उपयोग होतो का?

होतो. ब्राझीलमधले संशोधक वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ साली झुकिनी या भोपळ्याच्या जातीतल्या भाजीच्या भुरीवर गाईच्या दुधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दहा टक्के किंवा जास्त दूध असलेलं पाणी आठवड्याला फवारल्यावर रोग चांगला आटोक्यात आला. प्रयोग झुकिनीवरचा असला तरी ती भुरी आणि व्हर्बिनाची भुरी जवळची आहे. एक वाटी दुधाला नऊ वाट्या पाणी हे प्रमाण घ्या, साय काढून टाका, सकाळच्या उन्हात फवारा. दुधाचा उपयोग रोग यायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला जास्त. झाड अर्धं पांढरं झाल्यावर त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

माती ओली आहे तरी झाड मान टाकतं. आणखी पाणी घालू का?

नका घालू. ओल्या मातीत कोमेजणं ही मूळकुजीची खूण आहे, आणि पाणी घातलं की रोग वाढतो. व्हर्बिनाची जितकी झाडं भुरीने जातात, त्याहून जास्त माणसाच्या मायेने घातलेल्या पाण्याने जातात, असं माझं ठाम मत आहे.

झाड हलक्या हाताने कुंडीतून काढून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरी आणि टणक असतात. कुजलेली मुळं तपकिरी, बुळबुळीत असतात. चिमटीत धरून ओढलं की बाहेरची साल निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. हे काम बहुधा पिथियम या मातीतल्या, बुरशीसारख्या रोगजंतूचं असतं. पिथियमचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात, म्हणून साचलेलं पाणी आणि कुंडीखाली भरून राहिलेली ताटली त्याला फार मानवते. खोड जमिनीलगत तपकिरी होऊन आवळल्यासारखं दिसत असेल तर रायझोक्टोनिया या बुरशीचा संशय घ्या. मुळांवर काळे पट्टे असतील तर तो काळी मूळकूज आणणाऱ्या बुरशीचा परिणाम असू शकतो.

दुकानात "मूळकूज" म्हटलं की बहुतेक वेळा कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पुढे करतात. पिथियमवर ते चालत नाही, कारण पिथियम ही खरी बुरशी नव्हे, पाणबुरशींच्या वेगळ्या गटातली आहे. तिच्यावर मेटॅलॅक्झिल असलेलं औषध लागतं. तरीही घरच्या दोन-चार कुंड्यांसाठी मी औषधाच्या मागे लागणार नाही. अर्धी मुळं शाबूत असतील तर कुजलेला भाग कापा, वरचा पसारा निम्मा करा, कोरड्या, भुसभुशीत ताज्या मिश्रणात लावा, चार दिवस सावलीत ठेवा. बहुतेक मुळं गेली असतील तर वरच्या निरोगी शेंड्यांची छाटकलमं करा आणि जुनं झाड मातीसकट टाका. व्हर्बिनाची छाटकलमं सहज मुळं धरतात.

बी उगवतं, पण इवली रोपं आडवी पडतात. का?

याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया असे मातीतले रोगजंतू कोवळं देठ जमिनीलगत कुजवतात. व्हर्बिनाच्या बाबतीत हा त्रास जास्त व्हायचं कारण पेरणीतच आहे. या बियाला जास्त ओल सोसत नाही. ओल्या गच्च मातीत ते उगवतच नाही, आणि उगवलं तर टिकत नाही. त्यामुळे मिश्रण आदल्या दिवशी भिजवून निथळू द्या, दुसऱ्या दिवशी पेरा आणि पेरल्यावर वरून पाणी ओतू नका. बियाला अंधार लागतो, म्हणून कोकोपीटचा पातळ थर देऊन ट्रे वर्तमानपत्राने झाका. अठरा ते चोवीस अंशांत दोन ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. इतका वेळ लागतो म्हणून लोक घाबरून पाणी वाढवतात आणि घात होतो. अंकुर दिसताच कागद काढा आणि ट्रे उजेडात, हवेशीर जागी ठेवा.

ट्रे जुना असेल तर धुऊन उन्हात वाळवा. बागेतली माती पेरणीला वापरू नका. कोकोपीट आणि थोडं चाळलेलं, पूर्ण मुरलेलं गांडूळखत पुरे. त्यात किलोला दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा हे जैविक बुरशीनाशक मिसळून दोन-चार दिवस ओलसर ठेवलं तर आणखी चांगलं. राहुरी, दापोली इथली कृषी विद्यापीठं आणि बरीच कृषी विज्ञान केंद्रं जैविक बुरशीनाशकांबद्दल मार्गदर्शन करतात. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे. तिच्यासोबत रासायनिक बुरशीनाशक दिलंत तर तीही मरेल.

फुलांचे झुपके तपकिरी होऊन त्यांच्यावर राखाडी लव येते. काय आहे हे?

बोट्रायटिस, म्हणजे राखाडी बुरशी. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना ती चांगली ओळखीची आहे. गार, दमट हवा आणि काही तास ओली राहिलेली फुलं एवढं तिला लागतं. अवकाळी पावसानंतर किंवा धुक्याच्या आठवड्यात ती दिसते. ती आधी सुकलेल्या, गळलेल्या पाकळ्यांवर बसते, आणि अशी पाकळी ज्या पानावर पडते तिथेही डाग उठतो.

सुकलेले झुपके खाली दोन पानांपर्यंत खुडत राहणं हा यावरचा सगळ्यात मोठा उपाय आहे. त्याने नवी फुलंही येतात. खुडणी कोरड्या वेळी करा. अवकाळीचा इशारा असेल तर कुंड्या छपराखाली घ्या आणि पाऊस थांबला की लगेच बाहेर काढा.

पानांवर तपकिरी ठिपके पडलेत.

कोकणात किंवा लांबलेल्या पावसात सर्कोस्पोरासारख्या बुरशींचे ठिपके पडतात, मध्ये फिकट आणि कडेला गडद. डागाळलेली पानं काढा, वरून पाणी घालणं थांबवा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. ठिपके वाढतच राहिले तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारता येतं. ठिपके एकाच बाजूच्या, दुपारच्या उन्हाकडच्या पानांवर असतील तर तो भाजल्याचा डाग असू शकतो. त्याला औषध लागत नाही.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. हा रोग आहे का?

नाही, ही लोहाची कमतरता आहे. आणि ती बहुधा माती अल्कधर्मी झाल्यामुळे असते. व्हर्बिनाला किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण ५.८ ते ६.५ सामूची (पीएच) माती आवडते. आपली काळी माती बऱ्याचदा साडेसात-आठच्या पुढे असते, त्यात बोअरचं जड पाणी. मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. काळ्या मातीऐवजी कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी लाल माती असं मिश्रण घ्या, शक्य असेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या, आणि चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. नवीन पानं हिरवी व्हायला लागली की निदान बरोबर होतं.

पिवळेपणा तळाच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर नत्र कमी पडतंय, किंवा मुळं कुजताहेत. माती कोरडी की ओली, यावरून फरक कळतो. विषाणूचा पिवळेपणा यातला कुठलाच नसतो. तो कुठे हिरवा, कुठे पिवळा, असा तुकड्यातुकड्यांचा असतो.

पानं फिकट, बारीक टिपक्यांची झालीत आणि खाली जाळी दिसते.

लाल कोळी. ही कीड आहे, पण रोग समजून तिच्यावर बुरशीनाशकं मारली जातात म्हणून इथे सांगायला हवं. फेब्रुवारीअखेर हवा तापू लागली की ती झपाट्याने वाढते. तिशीच्या तापमानात अंड्यापासून प्रौढ व्हायला तिला आठवडा-दीड आठवडा पुरतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. मोहरीच्या दाण्याहून बारीक ठिपके चालू लागले तर शंका नको.

पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस सलग, सकाळी मारा. पाण्याच्या माऱ्याने कोळी आणि जाळी दोन्ही धुऊन जातात. व्हर्बिनाची पानं कोरडी ठेवायची या नियमाला हा एकच अपवाद, तोही उन्हं येण्याआधी, म्हणजे पानं लवकर वाळतात. इमिडाक्लोप्रिड किंवा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं इथे नकोत. त्यांनी कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट वाढतो. गंधक भुरीसोबत कोळ्यावरही चालतं, मात्र वर सांगितलेली तापमानाची अट विसरू नका.

पानं वेडीवाकडी, वलयांचे डाग, वाढ खुंटलेली. यावर औषध कोणतं?

हा विषाणूजन्य रोग असेल तर औषध नाही. हे कुणी विकणाऱ्याने सांगितलं नाही तरी खरं आहे. व्हर्बिनावर टोमॅटो स्पॉटेड विल्ट गटातले विषाणू येतात, ते फुलकिडे पसरवतात. काकडी मोझॅक विषाणू येतो, तो मावा पसरवतो. फुलकिड्यांच्या बाबतीत विषाणू फक्त पिल्लावस्थेत शरीरात जातो आणि मग तो किडा जन्मभर पसरवत राहतो. माव्याचं वेगळं. तो रोगट पानाला काही सेकंद टोचून निघाला तरी पुढच्या पानाला विषाणू देतो, म्हणून कीटकनाशक मारून काकडी मोझॅक फारसा थांबत नाही.

असं झाड मन घट्ट करून उपटा आणि पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या. त्याची छाटकलमं करू नका, विषाणू कलमातून जातो. हेच विषाणू टोमॅटो आणि मिरचीवरही येतात, म्हणून गच्चीवर भाज्या असतील तर तर घाई करा. बचावासाठी फुलकिड्यांना निळे आणि माव्याला, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे कुंड्यांच्या उंचीवर टांगा. फुलांचा झुपका कागदावर झटकून फुलकिडे बघायची सवय लावा. मिलिमीटरभर लांबीचे, सरळ रेघेसारखे किडे दिसतील.

मात्र पानं वाकडी होण्यामागे जोराने फवारलेलं औषध किंवा शेजारच्या वाफ्यातून उडालेलं तणनाशकही असू शकतं. उपटण्याआधी ही शक्यता तपासा. तसं असेल तर नवीन पालवी सरळ येते.

पानांवर काळा, चिकट थर जमलाय.

ही काजळी, एक काळी बुरशी. मावा किंवा पांढरी माशी जो गोड चिकटा सोडते त्यावर ती वाढते, पानात शिरत नाही. ओल्या कापडाने पुसा आणि मूळ किडीवर निंबोळी तेल फवारा. कुंपणाला घाणेरी माजलेली असेल तर तिच्यावरही नजर ठेवा. घाणेरी आणि व्हर्बिना एकाच कुळातल्या, आणि पांढऱ्या माशीला घाणेरी आवडते. जुन्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत साग आणि निर्गुडीसुद्धा याच कुळात असायचे, आता ते तुळशीच्या कुळात गेलेत.

पाणी नक्की कधी आणि किती?

बोट दोन पेरं मातीत घाला. वरचं पेर कोरडं, खालचं ओलसर लागलं की पाणी द्या. दिवस ठरवून देऊ नका. थंडीत चार-पाच दिवसांनी लागेल, मार्चमध्ये रोज. वेळ सकाळची. झारीचा हजारा काढून ठेवा आणि तोटी मातीपाशी धरा, पानं भिजू देऊ नका. पाणी भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. संध्याकाळी पानांवरून दिलेलं पाणी रात्रभर राहतं, आणि बोट्रायटिस, पानांवरचे ठिपके यांना त्याने निमंत्रण मिळतं.

नर्सरीतून रोप निवडताना काय बघावं?

भरगच्च फुललेलं रोप घेऊ नका, कळ्यांचं घ्या. खालची पानं उलटून बघा. पिशवीच्या तळाशी डोकावणारी मुळं पांढरी आहेत का पाहा. मातीवर हिरवं शेवाळ असेल तर तिथे पाणी जास्त होतंय. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. घरात आलेल्या बहुतेक भुरीचा आणि फुलकिड्यांचा माग काढला तर तो एखाद्या नव्या रोपापर्यंत पोचतो, म्हणून ही पायरी कधीच गाळू नका.

कमी रोग येणारा प्रकार कोणता?

बारीक, चिरलेल्या पानांचा, जमिनीवर पसरणारा जांभळा व्हर्बिना सगळ्यात चिवट. त्यावर भुरी क्वचित येते. रस्त्याच्या दुभाजकांवर आणि बागांच्या कडेला तो दिसतो. रुंद पानांचे, मोठ्या झुपक्यांचे संकरित प्रकार देखणे, पण नाजूक. उंच, काटकुळ्या देठांच्या व्हर्बिना बोनारिएन्सिसवर भुरी बरीच येते. तो लावायचाच असेल तर मोकळ्या वाफ्यात, झाडांमध्ये अंतर ठेवून लावा.

घरात लहान मुलं आहेत. रासायनिक औषध वापरावं का?

वापरलंच तर डब्यावरचा त्रिकोण बघून. आपल्याकडे कीडनाशकांच्या डब्यावर रंगीत त्रिकोण छापणं बंधनकारक आहे: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरच्या बागेत लाल आणि पिवळा कधीच आणू नका. सुटं, दुसऱ्या बाटलीत भरून दिलेलं औषध घेऊ नका. फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या असू द्या, वारा येतो त्या बाजूला पाठ करा. व्हर्बिनावर फुलपाखरं आणि मधमाश्या दिवसभर येतात, म्हणून फुलांवर कीटकनाशक शक्यतो नकोच, आणि दुसरं काही फवारायचं तर सूर्यास्ताच्या सुमारास.

निदानच होत नसेल तर रोगट फांदी कोरड्या कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेली फांदी वाटेतच सडते आणि तपासणाऱ्याला काही कळत नाही. पुण्यात तर भारतीय कृषी संशोधन परिषदेचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालयच आहे.

रोगट झाडाची माती परत वापरू का?

भुरीच्या झाडाची खुशाल वापरा, ती बुरशी जिवंत झाडावर जगते. मूळकुजीच्या झाडाची मात्र तशीच वापरू नका, आणि मुळांवर गाठी असतील, म्हणजे सूत्रकृमी असतील, तर अजिबात नको. ती माती उन्हाने निर्जंतुक करता येते. ही पद्धत इस्राएलमध्ये याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडली, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाला ती फार साजेशी आहे. माती ओलसर करून गच्चीवर चार-सहा इंच थरात पसरा, पारदर्शक प्लास्टिकने झाकून कडा वीट-मातीने दाबा, चार ते सहा आठवडे ठेवा. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळ्याखाली माती तितकी तापत नाही. पावसाआधी काढून त्यात शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळा. रोगट पानं-मुळं घरच्या कंपोस्टात टाकू नका, घरचा ढीग पुरेसा तापत नाही.

हंगाम संपल्यावर झाड ठेवावं की काढावं?

संकरित व्हर्बिना एप्रिलच्या उन्हात थकतो, कोळी चढतो, आणि जूनच्या पावसात मुळं कुजतात. पुण्या-नाशिककडे अर्धसावलीत जपलेली काही झाडं तग धरतात, कोकणात आणि मुंबईत फारच कमी. फेब्रुवारीतच निरोगी, फूल नसलेल्या शेंड्यांची बोटभर लांबीची कलमं ओलसर कोकोपीटमध्ये लावून ठेवा. पावसाळाभर ती छपराखाली, उजेडात, अगदी मोजक्या पाण्यावर ठेवा आणि सप्टेंबरअखेर ताज्या मातीत हलवा. मूळ झाड मार्चअखेर मुळासकट काढा.